नावातला भारत : इंडिया पेल एल, एक दंतकथा आणि एक वेल

पुण्यातील किंवा बंगळुरूतील एखाद्या छोट्या ब्रुअरीत फळ्यावर खडूने लिहिलेले असते : ‘सिंगल हॉप आयपीए’. ग्लास नाकाजवळ नेला की पपनसाच्या सालीचा वास येतो आणि पहिल्याच घोटाला जिभेच्या मागच्या भागावर लख्ख कडवटपणा उतरतो. त्या पेयात पपनस नसते आणि कडुनिंबही नसतो. वास आणि कडवटपणा ही दोन्ही ‘हॉप’ नावाच्या वेलीच्या एकाच वाणाची किमया. ‘आयपीए’ या संक्षेपातील पहिले अक्षर मात्र भारताचे आहे. ‘इंडिया पेल एल’ या नावात भारत कसा आला, याची एक कथा जगभर सांगितली जाते. ती सुबक आहे, पण पुरती खरी नाही.

कथा अशी : अठराव्या शतकात इंग्लंडहून भारतात येणारी बिअर वाटेत नासून जाई. लंडनच्या जॉर्ज हॉजसन यांनी त्यावर उपाय म्हणून जास्त मद्यार्क आणि जास्त हॉप्स घातलेली एक नवी बिअर शोधून काढली आणि इंडिया पेल एल जन्माला आली.

बिअरच्या इतिहासाचे ब्रिटिश अभ्यासक मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा या कथेचे सांधे निखळू लागले. भारतात येणारी बिअर सरसकट नासत नव्हती. काळसर ‘पोर्टर’ बिअर हॉजसन यांच्या आधीही येत होती आणि नंतरही सैनिकांसाठी मोठ्या प्रमाणावर येत राहिली. उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हा सल्ला 1760 च्या दशकात ब्रुअर मंडळींना छापील स्वरूपात उपलब्ध होता. हॉजसन यांनी काही नवे शोधल्याचा समकालीन पुरावा सापडत नाही.

त्यांच्या यशाचे कारण भूगोलात आणि उधारीत होते. 1752 मध्ये सुरू झालेली त्यांची ब्रुअरी पूर्व लंडनमध्ये बो येथे होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच ब्लॅकवॉलला नांगर टाकीत. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी व्यापार करण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना अठरा महिन्यांच्या उधारीवर माल देत. कप्तान तो कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील गोऱ्या अधिकाऱ्यांना विकून परतल्यावर पैसे फेडीत.

या मालात ‘ऑक्टोबर बिअर’ही होती. नव्या हंगामाच्या सातूपासून शरद ऋतूत बनवलेली, भरपूर हॉप्स घातलेली ही कडक बिअर इंग्लंडातील जमीनदार तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवत. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून येणाऱ्या जहाजात तेच मुरणे काही महिन्यांत उरकले, असे दिसते. प्रवासाने बिअर बिघडवली नाही, उलट ती लवकर तयार केली.

1820 च्या सुमारास हॉजसन यांच्या वारसांनी उधारी बंद केली आणि कप्तानांना वगळून थेट व्यापाराचा प्रयत्न केला. तेव्हा कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी 1822 मध्ये बर्टन-ऑन-ट्रेंट येथील सॅम्युअल ऑलसॉप यांना तशीच बिअर बनवण्यास सुचवले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मुबलक आहे. त्यामुळे बिअर स्वच्छ निवळते आणि कडवटपणा अधिक रेखीव लागतो. बर्टनची बिअर हॉजसनपेक्षा सरस ठरली. ‘इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात आढळते ते त्यानंतर, 1829 साली, आणि तेही ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत.

दंतकथेतील एक भाग मात्र विज्ञानाने खरा ठरवला. हॉप्स बिअर टिकवतात. हॉपच्या मादी फुलांच्या शंकूत पिवळ्या राळेच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतील ह्युम्युलोनसारखी अल्फा आम्ले सातूच्या गोड काढ्यात तासभर उकळली की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि आयसो-अल्फा आम्ले तयार होतात. कडवटपणा त्यांचाच. 1937 मध्ये जेम्स शिमवेल यांनी दाखवले, की हॉप्सचा हा मारा ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर चालतो, ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर नाही. पुढे त्याचे कारणही उलगडले. ही आम्ले जिवाणूच्या पेशीपटलातून प्रोटॉन आत वाहून नेतात, त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनचा फरक मोडतो आणि पेशीला अन्न आत घेणे अवघड होते. बिअर आंबवणारे लॅक्टोबॅसिलस बहुतांशी असेच रोखले जातात.

पण पिंपात सगळेच मरत नसे. 1904 मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील निल्स क्लॉसेन यांनी इंग्लिश मुरवलेल्या बिअरमधील खास चवीचे मूळ असलेले एक यीस्ट वेगळे केले आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसिस’, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. भारताच्या वाटेवरील पिंपांत हॉप्सनी जिवाणूंना दारातच अडवले आणि यीस्टला सवडीने काम करू दिले, असा तर्क यावरून करता येतो.

आजच्या ‘सिंगल हॉप’ बिअरचा जन्म वेगळ्या भूमीत झाला. अमेरिकेच्या कृषी विभागाने ओरेगॉनमध्ये पैदास केलेला ‘कॅस्केड’ हा वाण 1972 मध्ये प्रसारित झाला. त्याची निवड करताना केवडा रोगाला, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूला, तोंड देण्याची ताकद पाहिली गेली होती. त्याचा पपनसासारखा गंध पुढे गाजला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 1975 मध्ये ‘लिबर्टी एल’ बनवली, ती कॅस्केडच्या जोरावर. मर्सिन, लिनालूल, जिरॅनिऑल ही सुगंधी द्रव्ये उकळताना उडून जातात, म्हणून हॉप्सचा काही भाग शेवटी, थंड बिअरमध्ये घातला जातो. यीस्ट त्यांतील काही जिरॅनिऑलचे सिट्रोनेलॉल करते आणि फुलांचा गंध लिंबाकडे झुकतो. सातू, पाणी, यीस्ट तेच ठेवून फक्त हॉपचा वाण बदलायचा, म्हणजे प्रयोगशाळेत एकच चल बदलण्यासारखे झाले. असे दोन ग्लास शेजारी ठेवून चाखणारा नकळत नियंत्रित प्रयोग करीत असतो.

भारतात बिअर बनू लागली ती एकोणिसाव्या शतकात, कसौलीच्या थंड डोंगरात. ती ब्रुअरी एडवर्ड डायर यांची होती. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर हा त्यांचाच मुलगा. 2009 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका छोट्या ब्रुअरीने ‘डूलाली’ हे नाव घेतले. परतीच्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत कंटाळून भ्रमिष्ट होणाऱ्या गोऱ्या सैनिकांमुळे हा शब्द इंग्रजीत रुळला होता.

हॉपच्या वेलीला मात्र हा इतिहास ठाऊक नाही. तिला हिवाळ्यात कडक थंडी आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात. देशाच्या बहुतेक भागात हे जुळत नाही. हिमाचलातील लाहौलसारख्या उंच खोऱ्यात तिची लागवड झाली आहे, पण भारतीय ब्रुअर मुख्यतः आयात केलेल्या हॉप्सवरच अवलंबून असतात. दोनशे वर्षांपूर्वी भारताच्या नावाची बिअर समुद्रमार्गे भारतात येत होती. आज बिअर इथेच बनते, पण तिचा कडवटपणा अजूनही बाहेरूनच येतो.