पायापासून चाकापर्यंत

मोटारीच्या ब्रेकचा इतिहास बहुधा ड्रम, डिस्क आणि कॅलिपर या मोठ्या भागांच्या नावे लिहिला जातो. मला त्यांच्यामधल्या एका किरकोळ दिसणाऱ्या दुव्याचा माग काढायचा आहे. गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेली ब्रेकची धातूची नळी चाकाजवळ येऊन थांबते. पुढे चाक खड्ड्यात खाली-वर होणार, वळणावर फिरणार. तिथे ताठ नळी तुटेल. म्हणून शेवटचे हातभर अंतर लवचीक नळीने जोडावे लागते. गॅरेजात तिला ‘होज’ म्हणतात. मोठे कॅलिपर बसवणारे हौशी लोक आज रबरी होज काढून तिथे स्टेनलेस स्टीलच्या विणीची नळी लावतात. बहुतेकांना ती शोभेची वस्तू वाटते. ती कुठून आली हे पाहिले, की तिच्यावर किती विसंबावे हेही कळते.

कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धान्त सतराव्या शतकातला. मोटारीच्या ब्रेकमध्ये तो यायला विसावे शतक उजाडले. त्याआधी पेडलची ओढ सळ्या आणि तारांमधून चाकापर्यंत जाई. चारही चाकांना सारखी ओढ मिळणे अवघड. एका चाकाने आधी धरले, की गाडी त्या बाजूला खेचली जाई. यावर द्रवाचा उपाय काढला तो माल्कम लॉकहीड या अमेरिकी तंत्रज्ञाने, १९१७च्या सुमारास. विमाने बनवणाऱ्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. १९२१ साली ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. १९२४ साली क्रायस्लरने ते मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या गाडीत आणले. सुरुवातीच्या रचनेतल्या चामडी वाट्या गळत असत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या जागी रबरी वाट्या घातल्या. त्या काळी ब्रेकमधला द्रव म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे.

फोर्ड कंपनीने मात्र १९३८पर्यंत सळ्या सोडल्या नाहीत. पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलाद आहे, याचा तिच्या जाहिरातींत अभिमान असे. या आग्रहाला लोक हसले, पण त्यामागची शंका मला निराधार वाटत नाही. सळी वाकली तर डोळ्यांना दिसते. नळीतले तेल गळून गेले, तर पेडल पायाखाली तळाला टेकते तेव्हाच कळते. शिवाय त्या काळी चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एक होज फुटली, की सगळे ब्रेक गेले. १९३९च्या मॉडेलपासून फोर्डही द्रवाकडे वळली, कारण चारही चाकांना सारखा जोर देण्याचा दुसरा सोपा मार्ग नव्हता.

पुढचे वळण डिस्क ब्रेकचे. ड्रममध्ये फिरता ड्रम स्वतःच लायनरला आत ओढून घेतो आणि पायाच्या जोराला मदत करतो. डिस्कमध्ये ही मदत नाही. तेवढ्याच कामासाठी तेलाचा दाब बराच जास्त लागतो. १९५३ साली ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या वर गेला. डिस्कचे कौतुक जगभर झाले. वाढलेल्या दाबाचा भार होजवर आला, याची चर्चा फारशी झाली नाही. रबर आणि कापडी धाग्यांच्या थरांची होज दाबाखाली किंचित फुगते. फुगण्यात तेल खर्च होते आणि पेडल स्पंजासारखे लागते. नळी गरम झाली की हे आणखी वाढते.

उत्तर वेगळ्याच दिशेने आले. १९३८ साली ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट यांना शीतक वायूंवर काम करताना सिलिंडरमध्ये एक पांढरी, निसरडी पूड सापडली. तीच पुढे टेफ्लॉन म्हणून ओळखली गेली. टेफ्लॉनची नळी उष्णतेला आणि तेलाला दाद देत नाही, पण एकटी दाब सोसत नाही. तिच्यावर गंजरोधक पोलादी तारांची वीण घातली, की फुगणे जवळजवळ थांबते. अशा नळ्या आधी विमानांत रुळल्या आणि तिथून शर्यतींच्या मोटारींत आल्या. विमानाची खूण अजून त्यांच्या जोडांवर आहे. अमेरिकी सैन्याच्या ‘एएन’ मानकातला ३७ अंशांचा उतार तोच, आणि नळीचा क्रमांक अजूनही इंचाच्या सोळाव्या भागांत मोजतात. ब्रेकची नळी बहुधा तीन क्रमांकाची.

मोठ्या कॅलिपरला ही नळी का हवीशी वाटते, ते साध्या गणितात दिसते. मूळ कॅलिपरमध्ये ४८ मिलिमीटर व्यासाचा एक पिस्टन असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८१० चौरस मिलिमीटर. त्याजागी चार पिस्टनचा, प्रत्येकी ३८ मिलिमीटरचा कॅलिपर आला, की एका बाजूच्या दोन पिस्टनचे मिळून सुमारे २२६८ भरते. पकड सव्वापट झाली. पण पॅड तेवढेच सरकवायला तेलही सव्वापट लागते. मास्टर सिलिंडर जुनाच, म्हणजे पेडल अधिक खोल जाणार. त्यात होज फुगली, तर आणखी खोल. पोलादी वीण हा दुसरा तोटा वाचवते, एवढेच तिचे काम. ती पकड वाढवत नाही, तापलेले पॅड थंड करत नाही, उकळणाऱ्या ब्रेक ऑइलला थांबवत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ प्रतीसाठी ताज्या तेलाची किमान मर्यादा २०५ अंश सेल्सिअस आहे, ओल धरलेल्या तेलाची १४०. बोरघाटाच्या लांब उतारावर नळी चांदीची असली, तरी जुने तेल उकळणारच.

या नळीची खरी परीक्षा फुटण्याची नसून वाकण्याची आहे. अमेरिकी मानकात नळीचे एक टोक पक्के धरून दुसरे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी ३५ तास फिरवतात. म्हणजे सोळा लाख ऐंशी हजार हेलकावे. पोलादी विणीच्या नळ्यांना हीच चाचणी जड गेली. दाबाला त्या पुरून उरत, पण ताठ जोडाला लागूनच वाकत राहिल्याने तिथे थकत. मग निर्मात्यांनी जोडाजवळ आधार देऊन वाक पुढे सरकवला.

आपल्या गॅरेजांत आणखी एक सापळा आहे तो आट्यांचा. मॉरिसच्या वंशातली अँबॅसिडर इंची मापाची, फियाटच्या वंशातली पद्मिनी मेट्रिक. तीन अष्टमांश इंची, २४ आट्यांचा बोल्ट १० मिलिमीटरच्या बारीक आट्यांत फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण त्याचा व्यास जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी असतो. जोराने ब्रेक दाबला की आटे सुटतात.

माझ्या मते या इतिहासाचा धडा असा: प्रत्येक सुधारणेने पेडल अधिक भक्कम केले आणि बिघाडाची खूण अधिक लपवली. रबरी होज वरून तडकते, ते डोळ्यांना दिसते. पोलादी विणीत शिरलेली वाळू आतल्या टेफ्लॉनला घासत राहते आणि बाहेरून नळी नवी दिसते. म्हणून कॅलिपर बदलणाऱ्याने हवा काढून झाली की काम संपले असे मानू नये. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण फिरवून, चाक लोंबते ठेवून आणि दाबून, नळी कुठे ताणते, कुठे घासते ते पाहावे. बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचण्या घेते. चाचणीचा शिक्का नसलेली नळी कितीही चकाकली, तरी ती गाडीला लावू नये.