कमानगर

झाशीच्या किल्ल्यात गेलेला प्रवासी ‘कडकबिजली’ आणि ‘भवानीशंकर’ या तोफा पाहतो, 1858 चा वेढा आठवतो आणि परततो. तोफांपूर्वी बुंदेलखंडाच्या लढाया ज्या धनुष्याने झाल्या, त्याची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक त्याचे कसब मोठे. सातपुड्यातल्या भिल्लाचा कमठा बांबूचा, दोरीही बांबूच्याच चिपेची. दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत तो धीराने तासावा लागतो. सैनिकी कमान याहून अवघड. लाकडी गाभ्याच्या पोटाशी शिंग आणि पाठीवर जनावराच्या स्नायुबंधांचे तंतू सरसाने चिकटवीत. पावसाळ्यात सरस ढिला पडे, बाहू पीळ खात. मग कमानगर ती मंद आचेवर शेकून, बांधून पुन्हा सरळ करी.

हाच कारागीर माणसांची मोडलेली हाडेही बसवी. हिंदुस्थानी कोशात ‘कमानगर’ शब्दापुढे ‘हाडवैद्य’ हा दुसरा अर्थ प्रथम वाचला, तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती! पण शेकणे, ताणणे, पट्ट्या बांधणे, सारे तेच. बंदुकीने त्याचे धनुष्याचे गिऱ्हाईक नेले. हाडे मात्र बंदुकीच्या काळातही मोडतच होती.