हगाम्याची पत्रके, तालमीच्या तसबिरी : नगर जिल्ह्यातील कुस्तीच्या इतिहासाची साधने

2024 पासून अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांना कुस्त्यांच्या हगाम्याची जोड असते. हगामा म्हणजे यात्रेनिमित्त भरणारे कुस्त्यांचे खुले मैदान. लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांनी त्याला सुरुवात होते, हलगीच्या ठेक्यावर एकामागून एक जोड्या लागत जातात आणि सर्वांत मोठ्या इनामाची मानाची कुस्ती शेवटी होते. पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीच्या यात्रेसारख्या प्रसंगी ही प्रथा आजही पाळली जाते. मात्र तालमीतील विद्या वस्तादाकडून पठ्ठ्याकडे तोंडी आणि प्रत्यक्ष सरावातून जात असल्यामुळे लेखी नोंदी ठेवण्याची रीत तेथे फारशी रुजली नाही. परिणामी या जिल्ह्यातील कुस्तीच्या अभ्यासकाला दोन साधनांकडे वळावे लागते : मैदानाची छापील पत्रके आणि तालमीच्या भिंतींवरील छायाचित्रे.

हगाम्याचे पत्रक वरवर पाहता केवळ जाहिरात असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते अनेक गोष्टींची एकत्रित नोंद असते. कोणाची कुस्ती कोणाशी ठरली, मल्ल कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, इनाम किती आणि ते कोणी दिले, पंच कोण, यात्रा कमिटीत कोणाची नावे, हे सारे त्यावर छापलेले असते. अडचण असते ती वर्षाची, कारण पत्रक त्याच हंगामापुरते असल्याने पुष्कळदा त्यावर तिथी आणि वार असतात, पण सन नसतो. तथापि तिथी, वार आणि इंग्रजी तारीख यांपैकी दोन गोष्टी जरी मिळाल्या, तरी जुन्या पंचांगांशी ताडून संभाव्य वर्षे थोडीच उरतात, आणि त्यांतून नेमके वर्ष निवडण्यास मजकुरातील इतर खुणा उपयोगी पडतात. इनाम आण्यांत सांगितले असेल, तर पत्रक बहुधा 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणेपद्धती सुरू होण्यापूर्वीचे किंवा त्यानंतरच्या जवळच्या काळातले असते; पत्त्यात पिनकोड असेल, तर ते 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचे असू शकत नाही. एखाद्या मल्लाच्या नावामागे ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब असेल, तर ते 1961 किंवा त्यानंतरचे ठरते, कारण त्या वर्षी औरंगाबादच्या स्पर्धेत दिनकर दह्यारी या किताबाचे पहिले मानकरी झाले.

पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेली ओळही तितकीच मोलाची असते. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते; त्यामुळे पत्रक कोणत्या गावच्या छापखान्यात तयार झाले हे कळते आणि त्या छापखान्याच्या कारकिर्दीवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. छपाईचे तंत्रही साक्ष देते : शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेला मजकूर आणि धातूच्या ब्लॉकवरून उमटलेला, ठिपक्यांचा मल्लाचा चेहरा हे ऑफसेटपूर्व काळाचे लक्षण आहे.

छायाचित्रे पत्रकांना पूरक ठरतात. तालमीतील मारुतीच्या देवळीजवळ किंवा हौदाच्या, म्हणजे लाल मातीच्या आखाड्याच्या, भोवतालच्या भिंतींवर लावलेल्या तसबिरींत फेटा बांधून गदा घेतलेला विजेता, मध्यभागी बसलेला वस्ताद आणि त्याच्याभोवती उभे पठ्ठे दिसतात. कोण कोणाच्या हाताखाली तयार झाला ही गुरुपरंपरा अशा समूहचित्रांतून उलगडते, तर मैदानातील चित्रांतून प्रेक्षकांचा पोशाख, मातीकडून गादीकडे झालेला प्रवास आणि आश्रयदात्यांचे बदलते स्वरूप समजते.

या साधनांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. पत्रक कुस्ती ठरल्याचे सांगते, झाल्याचे नव्हे. जोड ऐनवेळी बदलते, मल्ल येत नाही, कुस्ती बरोबरीत सुटते. म्हणून त्यातील मजकूर वृत्तपत्रांतील निकालांशी आणि वृद्ध मल्लांच्या आठवणींशी पडताळल्याशिवाय निष्कर्ष काढणे योग्य नाही. स्टुडिओतील चित्रही मल्लाला जसे दिसायचे होते तसे काढलेले असते, हेही विसरता कामा नये.

ही साधने टिकवणेही सोपे नाही. तालमीतील ओल, मातीची धूळ, तेलाचे हात आणि उदबत्तीचा धूर कागदाला मारक असतात. स्वस्त कागद त्यातील आम्लामुळे आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो आणि दमट हवेत छायाचित्राचा पृष्ठभाग तसबिरीच्या काचेला चिकटतो. फाटलेल्या घडीवर लावलेली चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन यांमुळे हानी वाढते. मूळ प्रत सपाट, कोरड्या जागी आम्लरहित कागदात ठेवावी, तिची उच्च प्रतीची डिजिटल प्रत करावी आणि चित्रातील प्रत्येकाचे नाव, तालीम, गाव व माहिती देणाऱ्याचे नाव मऊ पेन्सिलीने पाठीमागे किंवा स्वतंत्र सूचीत नोंदवावे. नावांवाचून चित्र जपले, तर कागद उरतो आणि इतिहास हरवतो. सूचीत अहमदनगर, नगर आणि अहिल्यानगर ही तिन्ही नावे देणे आवश्यक आहे, अन्यथा जुन्या पत्रकांचा माग लागणार नाही.

हे काम केवळ जुन्या काळापुरते नाही. 2020 मध्ये अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या हर्षवर्धन सदगीर यांनी ‘महाराष्ट्र केसरी’ पटकावला. 2025 मध्ये तर याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहरातील वाडिया पार्क येथे आणि नंतर कर्जत येथे, वेगवेगळ्या संघटनांच्या दोन ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाल्या, आणि पृथ्वीराज मोहोळ व वेताळ शेळके असे एकाच वर्षी एकाच किताबाचे दोन मानकरी ठरले. पन्नास वर्षांनी हा गुंता सोडवू पाहणाऱ्याला संघटना, स्थळ आणि तारखा सांगणारी पत्रके हाच विश्वासार्ह आधार असेल. परंतु आजचे फ्लेक्स फलक मैदान संपताच काढून टाकले जातात. म्हणून प्रत्येक यात्रा कमिटीने आपल्या हगाम्याच्या पत्रकाची एक प्रत आणि निकालांची एक यादी दरवर्षी गावच्या ग्रंथालयात जमा करावी, आणि प्रत्येक तालमीने आपल्या भिंतीवरील जुन्या चेहऱ्यांची नावे, ती सांगणारी माणसे हयात आहेत तोवर, लिहून घ्यावीत.