नागराज एक की चार?

इ. स. 1836 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॅनिश वैद्य थिओडोर कँटर यांनी बंगालमधील एका प्रचंड विषारी सर्पाचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘हॅना’ हे जातिनाम दिले. पुढे प्रजातीचे नाव बदलून ‘ओफिओफॅगस’, म्हणजे सर्पभक्षक, असे झाले. दुसऱ्याच वर्षी श्लेगेल यांनी आग्नेय आशियातील नागराजाला ‘बंगारस’ हे वेगळे नाव दिले होते. पण ते समानार्थी ठरवून बाजूला सारले गेले. पश्चिम घाटापासून फिलिपिन्सपर्यंत नागराज एकच, हे मत जवळजवळ पावणेदोनशे वर्षे टिकले. पट्ट्यांतील फरक दिसत होते, पण ते स्थानपरत्वे असायचेच, असे मानले गेले.

या मताला धक्का दिला तो जनुकांनी. 2021 मध्ये पी. गौरी शंकर व सहकाऱ्यांनी नागराजाच्या चार स्वतंत्र वंशशाखा दाखवल्या. मात्र केवळ जनुकीय अंतरावर नवी नावे देण्याची घाई त्यांनी केली नाही, हे मला विशेष वाटते. संग्रहालयांतील जुने नमुने तपासून, पट्टे मोजून, 2024 मध्ये चार जाती मांडल्या गेल्या: उत्तर व पूर्व भारतासह मोठ्या प्रदेशातील ‘हॅना’, पुनरुज्जीवित ‘बंगारस’, लुझॉन बेटावरील ‘साल्वाताना’ आणि पश्चिम घाटातील ‘कालिंगा’. हे शेवटचे नाव कन्नड लोकभाषेतले आहे.

आपल्याकडे नागराज खाजगीरीत्या पाळणे बेकायदेशीर आहे. त्यामुळे प्रश्न उरतो तो प्राणिसंग्रहालयांचा. मंगळुरूच्या पिलिकुळा उद्यानासारख्या ठिकाणी नागराजाचे प्रजनन होते. जुन्या नोंदवहीनुसार ओडिशाची मादी आणि कर्नाटकातला नर ही योग्यच जोडी ठरली असती. आता त्यांची पिल्ले कोणत्या जंगलात सोडायची, याला उत्तर नाही. ‘मूळ ठिकाण अज्ञात’ अशी नोंद असलेला प्राणी तर जनुकीय चाचणीवाचून जोडीला लावताच येणार नाही.

प्रतिविषाची बाब याहून गंभीर. भारतातील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आधारलेले आहे. त्यात नागराज नाही. त्याच्यावरचे प्रतिविष थायलंडमध्ये, तिथल्या सर्पांच्या विषापासून तयार होते. गौरी शंकर यांना स्वतःला 2005 मध्ये नागराज चावला, तेव्हा त्या प्रतिविषाचा अपेक्षित उपयोग झाला नाही. एकाच नावाखाली वेगवेगळे सर्प तर दडलेले नाहीत ना, ही त्यांची शंका तिथूनच बळावली.