नादाचा लहानमोठेपणा आणि मराठी गीताचे ध्वनिमुद्रण

नादाची तीन लक्षणे आपले संगीतशास्त्र सांगते : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पैकी उच्चनीचतेचा विचार विपुल झाला. लहानमोठेपणाची बोळवण बहुधा व्याख्येवरच होते. लोकप्रिय संगीताच्या इतिहासकाराला ही उपेक्षा परवडणारी नाही. यंत्राने सर्वांत अधिक हस्तक्षेप केला तो याच लक्षणात.

१९०२ साली गायस्बर्गने कलकत्त्यास ध्वनिमुद्रणे केली तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यापाशी तोंड नेऊन गावयाचे आणि त्या स्पंदनांच्या बळावरच सुईने मेणात रेघ कोरावयाची. हलका स्वर कोरलाच जात नसे. फार मोठा आला तर रेघ बिघडे. म्हणून पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणालयांत तार स्वराच्या वेळी गायकाला मागे ओढीत. पुढे ज्याला संपीडन, म्हणजे मोठा नाद आवरून लहान नाद वर उचलणे, असे नाव मिळाले त्याचा हा मानवी अवतारच होय. १९२५ पासून विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागले आणि हळुवार उच्चारही टिपता येऊ लागला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली ती १९३० च्या दशकारंभी. भावगीताचा उदय केवळ यंत्रामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेची चिंता नसलेला तो कंठ मायक्रोफोनवाचून लोकप्रिय झाला असता, हेही संभवत नाही.

तबकडी विकत घेणे थोड्यांनाच शक्य होते. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी गीत घरोघर नेले ते मुख्यतः रेडिओने. परभणीचे आकाशवाणी केंद्र तेथून सुमारे ४०-४५ किलोमीटरांवर. मध्यमलहरींच्या प्रक्षेपणात नाद ठराविक मर्यादेपलीकडे गेला की विकृत होतो आणि फार खाली गेला की खरखरीत बुडतो. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या म्हणजे अधिकच. तेव्हा प्रक्षेपकापाशीच संपीडन करणे भाग असे. या संपीडनाला दोष देणे अन्यायाचे होईल. दूरच्या श्रोत्यापर्यंत गीताचे शब्द पोचले ते त्याच्यामुळे.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात सुमारे ९६ डेसिबलांचा अवकाश होता. पात्र मोठे मिळाले, आणि ते सदैव काठोकाठ भरण्याची चढाओढ लागली. कारण पाठोपाठ ऐकलेल्या दोन गीतांपैकी जे मोठे, ते कानाला क्षणभर सरस वाटते. १९९० नंतर संगणकीय लिमिटरांनी हे काम सोपे केले. २००८ मध्ये मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर खुद्द चाहत्यांनीच आक्षेप घेतला. २०१० साली युरोपीय प्रसारण संघाने सरासरी पातळीचा दंडक घातला. गीते पुरविणाऱ्या सेवाही आता पातळी समान करतात.

वरातीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीला मात्र असा दंडक ठाऊक नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. ती सरासरीने मोजावयाची असते, आणि संपीडनाने वाढते तीही सरासरीच. शिखर तेथेच राहते. ‘सैराट’ (२०१६) साठी अजय-अतुल यांनी हॉलिवुडमध्ये वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. त्यातील तंतुवाद्यांचे मंद स्वर त्या भिंतीपुढे शोधू जाणे व्यर्थ आहे.

अभ्यासकाची खरी अडचण निराळीच आहे. जुन्या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्यांत खरखर काढताना अनेकदा नादही दाबून समपातळीवर आणला जातो. त्यांवरून १९१० चा आणि १९४० चा कंठ ताडून पाहणारा विद्यार्थी वस्तुतः आजच्या लिमिटरचाच अभ्यास करीत असतो. प्रबंधात गीताचा उल्लेख करताना तबकडीचा क्रमांक आणि आवृत्तीचे वर्ष देण्याचा आग्रह विभागाने धरावा. जिंतूर-परभणीकडील वयोवृद्ध श्रोत्यांच्या मुलाखती घेताना कोणती गीते ऐकली एवढेच न विचारता, ती ऐकताना रेडिओची खुंटी कितपत फिरवावी लागे, हेही टिपून घ्यावे.