कथील, नवसागर आणि तगर
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर जे तगर सांगितले आहे, ते म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील, गोरोबाकाकांचे म्हणून सर्वश्रुत असलेले तेर होय. येथील कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला जात असे, हे सर्वजण आवर्जून सांगतात. परंतु त्याच ग्रंथातील भडोचच्या आयातीत तांब्याबरोबर कथिलाचाही निर्देश आहे, त्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

नळदुर्ग-परंड्याच्या किल्लेदारांची नावे दफ्तरांत सापडतात, पण बारा बलुत्यांतही ज्याची गणना झाली नाही त्या, हेच कथील भांड्यांना चढवणाऱ्या कल्हईवाल्याची नोंद कोण ठेवणार? निजामी अंमलात काय आणि 1948 नंतर काय, तो गावच्या चावडीपुढे खड्डा खणून भाता बसवी, चिंच-वाळूने घासलेले पातेले सांडशीने निखाऱ्यावर फिरवी आणि ते पुरेसे तापले की नवसागराची चिमूट टाकी. त्यातून उठणाऱ्या पांढऱ्या धुरातच सारी किमया असे, कारण तापाने नवसागराचे विघटन होऊन निघणारे आम्ल तांब्यावरील काळा गंज तत्क्षणी खाऊन टाकी. लगेच कथिलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले, की 232 अंशांवर वितळणारा तो धातू आतून चांदीसारखा पसरे आणि ताक कळकण्याची भीती उरत नसे. विलंब झाला, तर उघडे तांबे पुन्हा काळवंडे आणि कथील गोळ्या होऊन घरंगळे.

पुढे स्टेनलेस स्टील आले आणि भाते थंडावले. विद्या मात्र रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर सोल्डरिंगच्या सळईत जिवंत राहिली. जुन्या सळईचे तांब्याचे टोक काळे पडले, की ते कानशीने घासून नवसागराच्या वडीवर फिरवीत आणि त्यावर कथील चढवीत. ती कल्हईच होती, दुसरे काय! आता टोकावर लोखंडाचा मुलामा असतो, तेव्हा कानस वर्ज्य, कारण मुलामा गेला की वितळलेले कथील आतले तांबे खात सुटते. नवसागराचा धूर नाजूक जोडांना गंजवतो म्हणून त्याच्या जागी राळ आली. काम संपताच वीज बंद करण्यापूर्वी जाणता कारागीर टोकावर सोल्डरचा जाड थर तसाच राहू देतो आणि दुसऱ्या दिवशी ते तापल्यावर ओल्या स्पंजावर पुसून पहिला जोड देतो.