शेवटपर्यंत धांव

संत पौलानें करिंथकरांस लिहितांना श्रद्धावंताच्या जीवनास धांवण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस पायीं जाणाऱ्यांस तिचें मर्म निराळें सांगावयास नको. ह्या उपमेस साजेशी एक खरी हकीकत आम्ही आमच्या तरुणांपुढें ठेवीत आहों.

पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. १९१९ सालीं तिच्या क्रीडास्पर्धांत खेड्यांतील शेतकरी अनवाणी धांवले. तें पाहून सर दोराबजी टाटा यांनीं हिंदी खेळाडूंस ऑलिंपिकला धाडण्याचा उद्योग आरंभिला. १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले. ४२.७५ किलोमीटरांचें तें अंतर त्यांनीं २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत तोडिलें. फिनलंडचे विजेते कोलेहमैनेन सुमारें १८ मिनिटें आधीं पोहोंचले होते. चौगुले यांचा क्रमांक १९ वा आला.

पदक मिळालें नाहीं, परंतु धांव अर्ध्यावर टाकली नाहीं. पायांतील बळ धांवणाऱ्यांचेंच होतें. संस्थेनें त्यास जगाची वाट दाखविली. लांब पल्ल्यांत आरंभींच दम खर्चणारा मागें पडतो. बेताची गति राखणारा शेवट गांठतो. धर्मग्रामाचेंही तसेंच आहे. ह्या महोत्सवी वर्षांत आमच्या तरुणांनीं पहांटे मिळून धांवावें, व मागें पडलेल्या भावास सोबत घ्यावें, इतकीच आमची विनंती आहे.